ताबो: चाळीस मिनिटांत उरकलेला गोंपा

दगडफूल

आधी कबुली. सात वर्षांपूर्वी मी हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आले होते आणि तेव्हापासून 'ताबो बघितलंय', म्हणजे तिथला गोंपा, बौद्ध मठ, बघितलाय असं बिनदिक्कत सांगत होते. काय बघितलं होतं? बारा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर, नाकोहून निघायला उशीर झालेला, आणि आमच्या म्होरक्याने गाडीतूनच जाहीर केलं, "इथे चाळीस मिनिटं. मग धनकर, मग काझाला जेवण." रणरणत्या उन्हातून एकदम काळोखात शिरलो. काही दिसेना. मोबाइल काढला तर लामा म्हणाले, फोटो नाही. दोघं-तिघं तिथूनच मागे फिरली. भिंतीवर काहीतरी निळंपिवळं आहे एवढं मला दिसलं, डोकं ठणकत होतं, बाहेर येऊन स्तूपांसमोर फोटो काढून घेतला. तो अजून आहे. त्यात मी हसतेय आणि मागे गोंपा कुठेच नाही.

यंदा जूनअखेरीस नणंद आणि मी दोघीच गेलो आणि तीन रात्री ताबोतच राहिलो. प्रवासवर्णन लिहीत नाही, इथे स्पितीची भरपूर आहेत. एका काळोख्या खोलीबद्दलच लिहायचंय.

बाहेरून ताबो अगदी साधा. 'की' गावचा गोंपा कसा टेकडीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लटकलेला, धनकर कड्याच्या टोकावर, लांबून बघूनच माणूस गाडी थांबवतो. ताबो नदीकाठच्या सपाटीवर, सफरचंदाच्या बागांना लागून. मातीची भिंत, आत मातीच्या ठोकळ्यांसारखी नऊ मंदिरं, तेवीस स्तूप. कुठे नक्षी नाही, कळस नाही, सगळं मागच्या डोंगराच्याच रंगाचं. आपल्याकडे गावाबाहेर पांढरीच्या मातीची पडकी गढी असते ना, तशी कळा. नणंद म्हणाली, "हे सरकारने पुन्हा बांधायला घेतलंय का?" इतकं साधं.

आणि हे उभं राहिलं इसवी सन ९९६ मध्ये. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ, जो पुढे भिक्षू झाला, त्याच्या आश्रयाने. आणि रिनचेन झांगपो ह्या अनुवादकाचं नाव त्याला जोडलेलं. सेहेचाळीस वर्षांनी येशे-ओच्या नात्यातल्याच जांगछुब-ओने डागडुजी केली, तसा लेख आत भिंतीवर आहे. तेव्हापासून आजपर्यंत तिथे भिक्षू आहेत. मातीचं बांधकाम, डोक्यावर लाकडी तुळया, काटक्या आणि चोपलेल्या मातीचं धाबं, आणि हजारावर हिवाळे. बर्फ पडलं की धाब्यावर चढून फावड्याने खाली लोटायचं, एवढीच काय ती देखभालीची युक्ती. पाऊस फारसा पडतच नाही म्हणून हे टिकलं. स्पिती पर्जन्यछायेत येतं.

आता खोली. मुख्य मंदिराचं सभागृह, म्हणजे दुखांग. पूर्वेकडून आत जायचं. लामांनी कुलूप काढलं, आम्ही वाकून आत गेलो आणि मागच्या वेळेसारखंच झालं, काही दिसेना. मी टॉर्च चाचपडायला लागले तर ते म्हणाले, "बैठिए. दस मिनट." बसलो. जाजम थंडगार. लोण्याच्या दिव्याचा वास, जुन्या लाकडाचा वास, आणि थोडा ओल धरलेल्या मातीचाही. वर छताच्या झरोक्यातून एक फिकट उजेड.

पाचेक मिनिटांनी समोरच्या भिंतीतून एक गुडघा बाहेर आला. खरंच सांगते, आधी गुडघाच दिसला. मग मांडी, मग छातीशी धरलेला हात, मग चेहरा. डोक्याच्या उंचीवर, भिंतीला लागून, जवळजवळ माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती पद्मासनात बसलेल्या, आणि एक दिसली की शेजारची दिसते, मग तिच्या शेजारची. निळी, पिवळी, तांबडी, पांढरी अंगं. तिसेक तरी आहेत, चारही बाजूंनी. मधोमध पाठीला पाठ लावून बसलेला चार देहांचा वैरोचन, बुद्धाचंच एक रूप. मंडल म्हटलं की आपल्याला भिंतीवर टांगलेलं चौकोनात वर्तुळ आठवतं. इथे खोलीच मंडल आहे आणि आपण त्याच्या आत मांडी घालून बसलोय. वज्रधातू मंडल म्हणतात ते हे. मला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, तिथे गुडघा दिसल्यावर कळलं.

मूर्तींच्या खाली चित्रं. शिरल्यावर डाव्या हाताच्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर सुधनाची गोष्ट आहे. गंडव्यूह सूत्रातली. सुधन हा व्यापाऱ्याचा मुलगा. मंजुश्री हा बोधिसत्त्व त्याला वाटेला लावतो आणि तो शहाणपण शोधत एकामागून एक पन्नासहून जास्त गुरूंकडे जातो. त्यात भिक्षू आहेत, राजे आहेत, अत्तरं विकणारा आहे, गणिकाही आहे, आणि प्रत्येकजण सांगतो की मला एवढंच येतं, पुढचं अमक्याला विचार. उत्तरेच्या भिंतीवर बुद्धचरित्र. गाभाऱ्यामागे प्रदक्षिणेची बोळ आहे, तिथल्या बोधिसत्त्वांच्या धोतरांवरचं विणकामसुद्धा रंगवलेलं आहे. फुलं, पट्टे, वर्तुळातली नक्षी. नणंद हातमागातली आहे. ती त्या बोळात अर्धा तास एकाच धोतराशी उभी होती.

आता ज्यासाठी धागा काढला ते. ताबोला सगळीकडे 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. गाइड म्हणतात, फलक म्हणतात, आपणही म्हणतो, कारण आपल्याला अजिंठ्याचा अभिमान. मला हे बिरूद पटेनासं झालंय. अजिंठ्यात आपण रिकाम्या घरात जातो. घर अप्रतिम आहे, पण माणसं कधीच उठून गेली. ताबोत घरची माणसं घरात आहेत, आणि तीच सांगतात की बसा, दहा मिनिटं थांबा. अजिंठा म्हटलं की आपण चित्रं 'बघायला' जातो, आणि मग चाळीस मिनिटं पुष्कळ वाटतात.

तुमचं मत सांगा. आणि कोणी राहिलं असेल तर अनुभव लिहा.

---

कोरडवाहू

छान लिहिलंय. गुडघ्याचं तर फारच. आम्ही २०१९ ला गेलो होतो, अगदी तुमच्या पहिल्या ट्रिपसारखं. मला वाटलं वीज गेली आहे.

---

चिंचगुळ

लेख आवडला, पण अजिंठ्यावर अन्याय करू नका. तुलना उगाच नाही. दोन्हीकडे चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. अजिंठ्यात कातळावर मातीत तूस-भुसा-गवत कालवून थर दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि सुकल्यावर रंग. ताबोतही गिलावा मातीचाच, रंगकाम सुक्यावरच. आणि परंपरा अशी की रिनचेन झांगपोने काश्मीरहून कारागीर आणले. म्हणजे भारतातली बौद्ध चित्रकला अजिंठ्यानंतर कुठे गेली ह्याचं एक उत्तर ताबोच्या भिंतीवर आहे. अजिंठ्याचं दुसरं पर्व पाचव्या शतकातलं, वाकाटक हरिषेणाच्या काळातलं. ताबो त्याच्या पाचशे वर्षांनंतर. मधल्या काळातलं मैदानातलं जवळपास सगळं गेलं. काश्मीरमधलंही भिंतीवरचं काही उरलं नाही. उरलं ते तिकडे वर, लडाखातल्या अलचीला आणि ताबोला. तेव्हा बिरूद बाळबोध असेल, चूक नाही.

दुसरं, अजिंठा 'रिकामं घर' म्हणताना तेवढंच एक. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती 'सापडली' आणि त्या महाभागाने दहाव्या लेण्यात चित्रावरच स्वतःचं नाव खरवडून ठेवलं. खालच्या गावांतल्या लोकांना ती आधीपासून माहीत होतीच. माणसं उठून गेली होती, पण घराचा पत्ता कोणी विसरलं नव्हतं.

---

दगडफूल

@चिंचगुळ, काश्मीरचा मुद्दा मान्य, आणि तो मी लिहायला हवा होता. नाव खरवडल्याचं माहीत नव्हतं. ताबोत निदान तसं कोणी केलेलं दिसलं नाही. पावसाचे ओघळ मात्र दिसले. काही ठिकाणी छतातून झिरपलेली माती चित्रावरून खाली उतरलीय, एखाद्या चेहऱ्यावरून थेट हनुवटीपर्यंत.

---

नकाशेवाला

तुम्ही घरची माणसं घरात आहेत म्हणता ते खरं, पण अर्धं. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपात ह्या इमारतींना बराच मार बसला. त्यानंतर शेजारी नवं सभागृह बांधलं, १९८३ मध्ये. त्याच वर्षी दलाई लामांनी तिथे कालचक्र दीक्षा दिली, पुन्हा १९९६ मध्ये, गोंपाला हजार वर्षं झाली तेव्हा. आम्ही होतो तेव्हा पहाटेची पूजा त्या नव्या सभागृहात होती. जुनी मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात. म्हणजे घरची माणसं शेजारी बांधलेल्या नव्या घरात राहायला गेलीत आणि जुन्या वाड्याची किल्ली त्यांच्याकडे आहे, इतकंच.

---

दगडफूल

@नकाशेवाला, हरले. पहाटेची पूजा आम्हीही नव्यातच ऐकली, सहाच्या सुमारास. पेंगणारे छोटे भिक्षू, मधेच एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, आणि मोठ्या लामांनी मंत्र न थांबवता नुसती भुवई वर केली. ते लिहिलं असतं तर माझाच मुद्दा ढिला पडला असता म्हणून टाळलं असावं. :)

तरीही किल्ली कोणाकडे आहे ह्याने फरक पडतो असं मला वाटतं. आमच्या लामांनी आत गेल्यावर आधी दिव्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

---

टेकडीवरचा_डॉक्टर

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कामाचं लिहून घेतो, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

दगडफूल, पहिल्या वेळी तुमचं डोकं ठणकत होतं त्यात नवल नाही. नाको ३,६०० मीटरच्या वर आहे, ताबो ३,२८० च्या आसपास. म्हणजे पुढच्या गावापेक्षा आधीच्या मुक्कामाला तुम्ही जास्त उंच झोपलात. ३,००० च्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असा साधारण नियम आहे. सिमल्याकडून जाणार असाल तर कल्पा किंवा सांगल्याला एक-दोन रात्री काढा, नाको दिवसा बघा आणि झोपायला ताबो गाठा. काझा ३,६५० च्या आसपास, 'की'चा गोंपा ४,१६६, कोमिक साडेचार हजारांच्या वर. ती मागून.

मनालीकडून एका दिवसात काझा हा उद्योग करू नका. मनाली दोन हजार मीटर, मधे कुंझुमची खिंड ४,५५१, आणि रात्री झोपायला काझा. अटल बोगद्यामुळे रस्ता सोपा झाला, फुफ्फुसं तीच आहेत.

डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं ह्यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवशीच्या साइटसीइंगची चर्चा बंद. खाली उतरायचं. तोच उपचार. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, स्वतःच्या मनाने घेऊ नका, सल्फाची अॅलर्जी असेल तर मुळीच नाही, आधी आपल्या डॉक्टरला विचारा. पहिले दोन दिवस दारू नको. हे मी मित्रांनाही सांगतो आणि ते ऐकत नाहीत.

---

सदाफुली_२

डॉक्टर, मागच्या वर्षी तुमचाच दुसऱ्या धाग्यावरचा प्रतिसाद वाचून आईबाबांचा मनाली-काझा बेत रद्द केला होता. दोघं अजून माझ्यावर रागावलेले आहेत. धन्यवाद.

---

बिनधास्त_बंड्या

एक गोष्ट खटकते. एवढा खर्च करून माणूस पोचतो आणि फोटो काढू देत नाहीत. फ्लॅश नको, समजू शकतो. अजिंठ्यात फ्लॅशशिवाय चालतं की. लोकांनी बघू नये अशीच इच्छा आहे का?

---

एक_टिकली

बंड्या, मी ह्यातली गुन्हेगार. मोबाइल छातीशी धरून, आवाज बंद करून एक फोटो काढला होता. लामा पाठमोरे होते. ते वळले नाहीत, काही बोलले नाहीत. फक्त बाहेर पडताना मला म्हणाले, "आ गया?" मला आधी कळेना. मग म्हणाले, "फोटो. आ गया?" मी दाखवला. काळा चौकोन आणि मधे माझ्याच अंगठ्याचा गुलाबी डाग. ते इतके हसले की मला रडू आलं. डिलीट केला.

---

चिंचगुळ

:D :D अंगठ्याचा बोधिसत्त्व.

---

झाडीपट्टी

हा धागा वाचून लिहायला बसलो, एरवी वाचनमात्र असतो.

मी चंद्रपूरकडचा. आमच्या घरी १९५६ पासून बुद्ध आहे. आजोबा १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. आमचा बुद्ध म्हणजे पांढरे कपडे, पाली वंदना, बावीस प्रतिज्ञा, शिक्षण. देवदेवता, कर्मकांड, मंत्रतंत्र हे सोडायलाच तर बाहेर पडलो, असं आजोबा म्हणायचे. तेव्हा दोन वर्षांपूर्वी आईला ताबोला नेताना मी जरा धास्तीतच होतो. आई निवृत्त शिक्षिका आहे, बोलायला लागली की समोरच्याचा वर्ग घेते.

आत गेलो. तुम्ही म्हणता तसं डोळे सरावले आणि आई म्हणाली, "इतके देव? ह्यातले आपले बुद्ध कोणते?" मी हिंदीत लामांना विचारलं, जरा पॉलिश करून. त्यांनी वैरोचनाकडे बोट नाही दाखवलं. आईला धरून उत्तरेच्या भिंतीपाशी नेलं आणि टॉर्चचा उजेड अगदी खाली धरून एकेक चित्र दाखवत गेले. काही बोलले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या चित्राला आई स्वतःच सांगायला लागली. हा जन्म. हे घर सोडलं. हे परिनिर्वाण. लामा मान हलवत होते. आई मराठीत बोलत होती, ते बहुतेक भोटी भाषेत पुटपुटत होते, आणि दोघांचं बरोबर चाललं होतं.

मग आईने तिथेच उभं राहून त्रिसरण म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि. लामांनी हात जोडले. बाहेर आल्यावर विचारलं, कुठून आलात? मी नागपूरजवळ म्हणालो, सोपं पडतं म्हणून. तर म्हणाले, "नागपूर! गोठणगाव!" आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग म्हणतात तिला, त्यांच्या ओळखीचे कोणी भिक्षू तिथे होते. तीन दिवस प्रवास करून हिमालयात पोचलो आणि माणसाने आमच्या शेजारचं गाव काढलं.

जेवताना आईचा वर्ग सुरू झालाच. म्हणाली, ते जे करतात ते मी करणार नाही. मूर्तीला लोणी जाळून काय होतं? पण हजार वर्षं कोणीतरी हे जपून ठेवलं म्हणून मला आज भिंतीवर दिसलं, तेवढं मी मान्य करते. मी म्हटलं, हे लामांना सांगितलं असतंस. तर म्हणे, "सांगायला त्याईले मराठी कुठं येते."

---

दगडफूल

झाडीपट्टी, तुम्ही वाचनमात्र का असता हो? हे मूळ लेखाला जोडायला हवं. मी त्या उत्तरेच्या भिंतीपाशी पाच मिनिटंही नव्हते.

---

नकाशेवाला

झाडीपट्टींच्या प्रतिसादाला जोडून एक खुलासा, कारण हा घोळ नेहमी होतो. स्पितीचे लोक निर्वासित तिबेटी नव्हेत. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येतात ते निर्वासित कुटुंबांतले. स्पितीवाले पिढ्यान् पिढ्या तिथलेच, भारतीय नागरिक, मतदार. धर्म आणि लिपी तिबेटी परंपरेची, भाषा जवळची. कोणाला 'आप तिबेट से कब आए?' असं विचारू नका. मी विचारलं होतं. त्या बाईंनी फार शांतपणे सांगितलं, "हम नहीं आए. बॉर्डर आया."

---

कोरडवाहू

"बॉर्डर आया." व्वा.

---

चिंचगुळ

अनुवादकाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून थोडं अवांतर, जे खरं तर मूळ विषयच आहे.

रिनचेन झांगपोचा जन्म ९५८ चा. परंपरेनुसार येशे-ओने एकवीस हुशार मुलं निवडून काश्मीरला शिकायला पाठवली. संस्कृत शिका, ग्रंथ आणा, पंडित आणा. त्यातली एकोणीस परत आली नाहीत. उन्हाने, तापाने, रोगांनी गेली. दोघं परतली, त्यातला एक हा. डॉक्टरांनी वर जे लिहिलंय त्याची नेमकी उलटी बाजू पाहा. आपण चढून गेलो की डोकं धरून बसतो, ती मुलं उतरून आली आणि इकडच्या हवेने मेली. त्यांना डायमॉक्स कोण सांगणार होतं?

मग हा माणूस पुन्हा पुन्हा गेला, पंडितांबरोबर बसून आयुष्यभर संस्कृतातून तिबेटीत भाषांतरं करत राहिला, वारला १०५५ ला. तिबेटी लोक त्याला 'लोचावा' म्हणतात, म्हणजे अनुवादक. राजाला मिळावं तसं बिरूद अनुवादकाला! त्याच्या नावावर १०८ मंदिरं सांगतात. तो आकडा पवित्र आहे म्हणून सांगतात हे उघड आहे, पण ताबो त्यातलं. भारतात नालंदा-विक्रमशीला गेल्यावर कितीतरी संस्कृत ग्रंथांच्या मूळ प्रती नाहीशा झाल्या, आणि आज ते आपल्याला फक्त तिबेटी भाषांतरातून माहीत आहेत. मी पोटासाठी भाषांतरं करतो, शब्दामागे पैसे मोजून घेतो. ताबोच्या अंगणात हे आठवून थोडी लाज वाटली होती.

---

सदाफुली_२

एकवीसातली एकोणीस मुलं… हे डोक्यातून जाणार नाही आता.

---

वळवाचा_पाऊस

हवामान हा माझा विषय, म्हणून राहवत नाही. लेखात लिहिलंय की पाऊस पडत नाही म्हणून माती टिकली. ते हजार वर्षं खरं होतं. जुलै २०२३ ला स्पितीतल्या चंद्रताल तलावापाशी शेकडो पर्यटक अडकले आणि हेलिकॉप्टर, जेसीबी लावून सोडवावे लागले, आठवतंय? तिथे हिमवृष्टी झाली होती, जुलैत. मातीच्या धाब्याचं गणित असं की बर्फ लोटता येतं, संततधार पाऊस लोटता येत नाही. माती पाणी पिते, जड होते, मग आत गळते. त्याच पाण्याने गिलावा फुगतो आणि रंगासकट सुटतो. दगडफूलना वास आला तो ओलीचा होता. वर पत्रा टाकावा म्हणणारे भेटतात, पण पत्र्याखाली दमट हवा कोंडली तर चित्रांचं आणखी वेगळं दुखणं सुरू होईल. धनकरचा जुना गोंपा तर कड्याबरोबरच झिजतोय, २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यातल्या शंभर ठिकाणांत त्याचं नाव घातलं होतं.

म्हणून बंड्या, फोटोपेक्षा आपल्या श्वासाची काळजी करा. बारा जणांचा जथ्था त्या खोलीत पाऊण तास उभा राहिला की केवढी वाफ सोडतो.

---

बिनधास्त_बंड्या

बरं बाबा, फोटो नको, श्वासही नको. बाहेरूनच नमस्कार करतो. (गंमत. मुद्दा पोचला.)

---

पाठीवर_बिऱ्हाड

खर्चाचं कोणी लिहीत नाही. एकटा, एसटीने, म्हणजे हिमाचलच्या एसटीने. रिकाँग पिओहून सकाळी काझाची बस सुटते, ताबोला वाटेत उतरायचं. खिडकी शक्यतो उजवी की डावी असं विचारू नका, दोन्ही बाजूंना दरी येते. खाबला सतलज आणि स्पितीचा संगम लागतो, तिथून झाडं संपतात. मग सगळं मातकट, राखाडी, मधेच जांभळं. आपल्या लोकांना परमिट लागत नाही, ओळखपत्र मात्र हाताशी ठेवा. परदेशी मित्र असेल तर त्याचं इनर लाइन परमिट पिओला काढा.

रोख पैसे न्या. नेटवर्क गृहीत धरू नका. ताबोत घरगुती राहण्याची सोय बरी आहे, गोंपाचं स्वतःचंही अतिथिगृह आहे. जेवायला थुक्पा, मोमो, राजमा-भात. छरमा ह्या तिकडच्या रानफळाचा रस मिळाला तर प्या, आंबट ढाण. कोरडा संडास पहिल्यांदा बघाल तेव्हा तोंड वाकडं करू नका. पाणीच नाही तिथे, आणि तेच खत शेताला जातं. मटार इतका गोड लागतो तो त्याच शेतात होतो.

गोंपाच्या समोर रस्त्यापलीकडे डोंगरात गुहा आहेत, त्याही बघा. भिक्षू तिथे ध्यानाला बसायचे. चढ छोटा आहे, पण त्या उंचीवर छोटा चढ म्हणजे काय ते तिथे कळतं.

---

सदाफुली_२

सप्टेंबरात आम्ही दोघं जाणार, ठरलं. ताबोला दोन रात्री. दगडफूल, दोन प्रश्न. टॉर्च कसली न्यावी? आणि लामांना काही न्यायचं असेल तर काय न्यावं? तिकडे 'खाता', म्हणजे मानाने द्यायचं रेशमी उपरणं, मिळतो तो घेऊच, पण घरचं काही?

---

दगडफूल

टॉर्च छोटी, मंद, पिवळट उजेडाची. माझी हेडलॅम्प लामांनी बंद करायला लावली, इतकी पांढरी होती. चित्राच्या तोंडावर उजेड मारायचा नाही, शेजारी खाली धरायचा, त्याच्या कडेने चित्र दिसतं. झाडीपट्टींच्या लामांनी धरली तशी. आणि आधी दहा मिनिटं ती पेटवूच नका.

खायचं म्हणाल तर आम्ही घरचा पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता, डबाभर. शेवटच्या दिवशी चहाला लामांनी बोलावलं, तेव्हा दिला. तो लोणी-मिठाचा चहा, आणि त्याच्याबरोबर चिवडा. जमलं बरं का, खारट-तिखट. त्यांनी आवडीने खाल्ला. फक्त कढीपत्त्याचं एकेक पान वेचून बशीच्या कडेला ओळीने नीट मांडून ठेवत होते. सात-आठ पानं झाल्यावर त्यातलं एक उचललं, उजेडात धरलं, हुंगलं आणि नणंदेला गंभीरपणे विचारलं, "ये दवाई कितनी बार लेनी है?"